धाकट्या जावेचा पगार

शकुनला कुणी विचारलं असतं की बाई, धाकट्या जावेचं तुला नेमकं सलतं तरी काय, तर तिनं "काई नाही" असं म्हणून मेथीची जुडी जरा जास्तच जोरात आवळली असती.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं गाव. विहिरीखालची काळी जमीन, तिच्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कोबी. माल काढायचा, धुवायचा, जुड्या बांधायच्या आणि टेम्पोनं अमरावतीला धाडायचा, हा नत्थुजींच्या घरचा जुना रिवाज. नत्थुजींना दोन मुलगे. थोरल्या मनोजची बायको शकुन, धाकट्या किशोरची रागिणी. सासू मनकर्णा तोंडानं फटकळ, पण सुनांमध्ये दुजाभाव करणारी नव्हती. दोघी सुना एकाच वाफ्यात बसून तण निंदायच्या, एकाच परातीत कणीक मळायच्या. कुणी कुणाचा हेवा करावा असं त्या घरात फारसं काही नव्हतंच.

मग समृद्धी महामार्ग आला आणि शेताचा एक तुकडा त्यात गेला. मोबदल्याचे पैसे हाती पडले तेव्हा नत्थुजींनी जे केलं, त्याची गावात बरेच दिवस चर्चा होती. मुलांचं मुलांना दिलं, आणि दोन्ही सुनांना समोर बसवून दोघींच्या नावानं सारखी रक्कम बँकेत टाकली.

"त्या वावरात निंदन तुमी दोघींनी केलं. पोरायनं त फक्त पानी सोडलं," म्हातारा म्हणाला. "हे तुमचं हाय. काय करायचं ते तुमचं तुमी पाहा. मले इचारू नका."

शकुनचं ठरलेलंच होतं. लग्नात तिला पाटल्या मिळाल्या नव्हत्या आणि ती गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नव्हती. रागिणी मात्र आठवडाभर गप्पच होती. मग एका दुपारी विहिरीवर शकुन कपडे धूत असताना ती येऊन शेजारी बसली.

"बाई, नर्सिंगचे फॉर्म निघाले. बारावी पास पाह्यजे फक्त. तुमीबी चला न. तुमाले त माह्याहून कितीतरी जास्त मार्क हायेत."

ते खरं होतं. शकुन धामणगाव रेल्वेची. तिथल्या कॉलेजातून तिनं बारावीला एकाहत्तर टक्के काढले होते, आणि तिच्या बापानं गल्लीभर पेढे वाटून पुढच्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं होतं. अकोल्याकडच्या रागिणीनं कशीबशी पन्नाशी ओलांडलेली.

शकुन हसली. "दोघीबी गेलो त भाकरी कोन थापन? तू जाय. मी पाटल्या करून राहिली."

घरात गदारोळ झाला. मनकर्णाबाई कडाडल्या, "नर्स? दुसऱ्याचं हगमूत काढाले पैसे भरतं? आन तीन वरसाच्या पोरीले कोन पाह्यनार?" किशोर मान खाली घालून बसला. नत्थुजी म्हणाले, "म्या शब्द देला. आता मांगं फिरू का?" आणि पोरीचं कोण पाहणार, या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. ते देण्याची गरजच नव्हती. शकुन होती.

रागिणीची लेक करिश्मा त्या दिवसापासून शकुनच्या कडेवर आली. तिचं न्हाऊमाखू, तिचा ताप, तिची अंगणवाडी, सगळं शकुनकडं. दोघींच्या वाट्याची निंदणीही शकुनकडंच. पोरगी तिला मोठाई म्हणायची आणि आई दाराशी आली तरी मोठाईचा पदर सोडायची नाही. तेव्हा शकुनला रागिणीचा हेवा वाटत नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. उलट तिची कीव यायची. एसटीतून धक्के खात आलेली, डोळ्याखाली काळं झालेली ती पोर पुस्तक मांडीवर घेऊनच डुलक्या द्यायची. पहिल्या वर्षी तिचा एक विषय राहिला. ती रडली. शकुननं तिला मनापासून जवळ घेतलं, केसांना तेल लावून दिलं. पडलेल्या माणसाला तेल लावून देणं सोपं असतं.

रागिणी पास झाली आणि अमरावतीत राजापेठेजवळच्या एका खाजगी दवाखान्यात लागली, तेव्हाही शकुनच्या जिवाला शांतता होती. पगार एवढासा. "एवढं त आमी वांग्यात कमावतो," ती शेजारणीला, भागीरथाला, म्हणायची. मनगटातल्या पाटल्या तेव्हा फार छान वाजायच्या.

मग सरकारी जागा निघाल्या. रागिणीनं परीक्षा दिली आणि तिची निवड झाली.

त्यानंतर घरात भांडणतंटा काहीच झाला नाही. झालं ते सगळं बारीकबारीक होतं, आणि म्हणूनच कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. रागिणी ड्युटीवरून आली की मनकर्णाबाई स्वतः उठून चहा टाकू लागल्या. हगमूत म्हणणाऱ्या त्याच मनकर्णाबाई. चहा शकुनलाही मिळायचा, पण तो रागिणीसाठी टाकलेल्यातला. किशोर बायकोचा ड्रेस इस्त्री करायला शिकला. गावात कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं, कुणाचे रिपोर्ट वाचायचे असले, की लोक अंगणात येऊन "सिस्टर हायेत का?" असं विचारायचे, आणि दारात उभ्या असलेल्या शकुनच्या खांद्यावरून आत पाहायचे. नत्थुजींनी ठिबकच्या नळ्या कुठल्या घ्यायच्या हेसुद्धा रागिणीला विचारलं. ठिबकातलं तिला काय कळत होतं? पण पगार आणणाऱ्या माणसाचं मत घ्यायचं असतं, हे घराला कुणी न शिकवता समजलं होतं.

ट्रॅक्टरच्या वेळी तर कहर झाला. मनोजला कर्ज हवं होतं. बँकेचा साहेब म्हणाला, घरात कुणी पगारदार असेल तर जामीनदार म्हणून आणा, काम लवकर होईल. मनोज, घरातला थोरला मुलगा, मिशीला पीळ देणारा, धाकट्या भावाच्या बायकोला कधी सुट्टी आहे हे विचारायला ओसरीवर घुटमळत राहिला. शकुन चुलीपाशी होती. नवऱ्याचा तो बदललेला, मऊ झालेला आवाज ऐकून तिच्या छातीत काहीतरी पेटलं. रागिणी आली, म्हणाली, "भाऊजी, त्यात काय इचारता, उद्याच जाऊ." तिनं थोडे आढेवेढे तरी घ्यायचे होते! तिच्या त्या सहज होकारानं शकुन आणखीच करपली.

एकदा तिनं मनोजजवळ तोंड उघडलं. तो हसायला लागला.

"तू कावून जळतं? तुह्या पाटल्यायचं सोनं त पार आभायाले टेकलं. पह्यल्या भावाच्या कितीपट झालं पाय. तिचे पैसे त फियीत गेले. तुहाच सौदा चांगला झाला म्हनतो मी."

हिशेबानं तो बरोबर होता. सोन्याचा भाव चढला होता, खरंच. पण आता चोरीच्या धाकानं पाटल्या कपाटात असायच्या. आणि कपाटात त्या कितीही चढल्या तरी सकाळी पर्स खांद्याला लावून घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांना कुणी सिस्टर म्हणून हाक मारत नव्हतं. त्यांच्यासाठी सासू चहा टाकत नव्हती.

यावर मीठ चोळलं ते पोटच्या पोरीनं. शकुनची आचल दहावीत गेल्यापासून काकूच्या मागेमागे असायची. काकूची जुनी पुस्तकं काढून त्यातली हृदयाची चित्रं वहीत उतरवायची, काकूचा स्टेथोस्कोप आजोबाच्या छातीला लावायची. एके दिवशी जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मले काकूसारखं व्हायचं हाय."

सगळे कौतुकानं हसले. शकुन वाढत होती. तिच्या हातातली पळी भांड्यावर आपटली आणि भाजी सांडली. आपली पोरगी आपल्याकडं बघून कधी म्हणाली नाही की मला आईसारखं व्हायचंय, आणि म्हणेल तरी कशाला? आपणही आपल्या आईकडं बघून तसं म्हणालो नव्हतो. हे तिला कळत होतं. कळून आग विझत नाही.

त्या आगीतच तिच्याकडून ते घडलं. किशोर वांगी भरत होता, ती शेजारी बसून किडकी बाजूला काढत होती. रागिणीला त्या महिन्यात रात्रपाळी होती. शकुन अगदी सहज, आपुलकीच्या सुरात म्हणाली, "भाऊजी, रागिणीले रातची ड्युटी लयच लावून राह्यले म्हना. संग कोन असते वार्डात? डॉक्टर असतीन न जवान जवान. मले काई नाही, पन गाव काई चांगलं नाही आपलं."

किशोर वांगी भरतच राहिला. पण कानात पडलेला खडा आत गेला. घरात धुसफूस सुरू झाली. फोन का उचलला नाही, उशीर का झाला. शेवटी तो म्हणालाच, नोकरी सोड. रागिणी रडली नाही, ओरडलीही नाही. "एक रात माह्यासंग चाला," एवढंच म्हणाली. किशोर गेला. रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून त्यानं बायकोला या खाटेवरून त्या खाटेकडं पळताना पाहिलं. सकाळी परत आला, मनकर्णाबाईंनी पुढं केलेला चहा न घेताच झोपला आणि पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

पण बोललं कोण, हे रागिणीला समजलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शेतात आली, शकुनच्या समोरच्या सरीत बसली.

"यायच्या डोक्यात हे तुमीच घातलं ना, बाई?"

"मी काय घालतो? गावच बोलते."

"गाव मले कधी बोललं नाही. तुमीच बोलल्या."

शकुनच्या हातातलं खुरपं थांबलं. इतकी वर्षं दाबलेलं सगळं एकदम वर आलं. "हो, बोलली! तू कोनाच्या जिवावर शिकली? तुही पोरगी कोनाच्या कडेवर वाढली? तू पुस्तक घेऊन बसे तवा तुह्या वाट्याचं निंदन कोन करे? आन आता पगार तुह्या एकटीचा, मान तुह्या एकटीचा!"

"पगार घरातच येते, बाई. ट्रॅक्टर माह्या सहीवरच आला न?"

"सहीचंच त सांगून राहिली मी! तुही सही बँकेत चालते. मी तीन वर्स चुलीपाशी बसली, त्याची सही कुठी चालते, सांग मले!"

रागिणीनं समोरचं तण उपटून बाजूला टाकलं. "नाही चालत," ती म्हणाली. "मले माईत हाय ते. म्हनून त म्हनलं होतं, संग चला."

हे वाक्य शकुनला चपराकीसारखं बसलं. रागिणी ते टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

त्यानंतर दोघी कामापुरत्या बोलत. करिश्मा दोघींच्या मधून ये-जा करत राही आणि निरोप पोहोचवी.

आचल बारावी झाली, नर्सिंगची सीईटीही चांगली गेली आणि अकोल्याच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला. चार वर्षांची पदवी, फी भरभक्कम. मनोज डोकं खाजवत बसला होता. तेव्हा रागिणी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आचलची फी मी भरतो. मोठ्या बाईचा हक्कच हाय तो."

नत्थुजींचा चेहरा उजळला. मनोजनं सुटकेचा श्वास सोडला. आचलनं उडी मारून काकूच्या गळ्यात हात टाकले. शेतात जे शकुननं ओरडून मागितलं होतं, तेच आता ताटात वाढून समोर आलं होतं. घ्यायला हवं होतं. घेववेना. उद्या पोरगी नोकरीला लागेल, पगार आणेल, आणि घरातला, गावातला, जो तो म्हणेल, काकूनं शिकवली. आपली एकुलती एक गोष्टही तिच्याच खात्यावर जमा होईल.

"माह्या पोरीचं मी पाह्यतो," ती म्हणाली. "कोनाचं काई नाही पाह्यजे."

दुसऱ्याच दिवशी मनोजला घेऊन ती अमरावतीच्या सराफ्यात गेली. मनोज वाटभर समजावत होता की भाव अजून चढणार, थांब. घरात कुणी द्यायला तयार असताना मोडायचं कशाला. हा शुद्ध येडेपणा आहे. तिनं पाटल्या तराजूत ठेवल्या. सराफानं वजन केलं, भरपूर नफा झाला म्हणून तिचं अभिनंदन केलं आणि नव्या घडणीचा ट्रे पुढं सरकवला. शकुननं ट्रेकडं पाहिलंही नाही. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना मोकळं मनगट तिनं पदराखाली घेतलं.

घरी आचल चिडली. "काकू देत होती न! मंग कावून मोडल्या?"

"मले काकूचं नाही पाह्यजे."

"पन मले चाललं असतं न आई!"

"तुले चालन. मले नाही चालत."

ते ऐकून रागिणी आत निघून गेली. किशोरच्या कानात घातलेल्या गोष्टीनं जेवढी दुखावली नव्हती, तेवढी ती त्या दिवशी दुखावली.

तरी अकोल्याला ती सोबत आली. आचलनं हट्टच धरला. कागदपत्रांमधलं कळणारं घरात दुसरं कोण होतं? कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीशी रांग होती. नंबर आला तेव्हा आतल्या माणसानं तिघींकडं पाहिलं आणि न विचारताच रागिणीशी बोलायला सुरुवात केली. जातीचा दाखला, हॉस्टेलचं काय, पालकांची सही इथं करा. त्याचा दोष नव्हता. रागिणीच्या उभं राहण्यातच काहीतरी होतं, खिडक्यांच्या पलीकडं काम केलेल्या माणसाचं. शकुन पिशवी पोटाशी धरून मागे उभी होती.

रागिणी बाजूला झाली. "आई या हायेत," ती म्हणाली. "फी त्यायनंच भरली. त्याबी शिकलेल्या हायेत, एकाहत्तर टक्के हायेत बारावीले."

त्या माणसानं "हो का" म्हणून कागद शकुनकडं सरकवला. शकुननं सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटायचाच राहिला. लोकांना वाटलं असेल, आनंदानं. आनंद नव्हता तो. आपली ओळखसुद्धा हिनंच करून द्यावी लागली, आपले मार्कसुद्धा हिच्याच तोंडून जगाला कळावेत, याचा तो संताप होता. रागिणीनं थोडा जरी खोटेपणा दाखवला असता तरी शकुनला तिचा मनसोक्त राग करता आला असता. ती तेवढीही सवलत देत नव्हती.

परतीच्या गाडीत आचल पुढच्या सीटवर मोबाईलमध्ये रमली. मागे दोघी जावा शेजारी शेजारी. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा रागिणी खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "बाई, तुमी माह्यावर अजून जळता ना?"

"जळतो," शकुन म्हणाली.

"मले वाटलं, पाटल्या मोडल्यावर कमी झालं असन."

"कमी नाही झालं." तिनं मांडीवरची पिशवी नीट केली. "नर्सिंगले माहं वय गेलं ना आता?"

"गेलं."

"मंग तवा? विहिरीवर तू इचारलं तवा बसत होतं?"

"बसत होतं. दोन वर्स बाकी होते."

कंडक्टर येऊन गेला, गाडी बडनेऱ्याच्या अलीकडं रेल्वे फाटकाशी थांबली, लोक उतरून पाय मोकळे करू लागले. शकुन तिथंच बसून राहिली. एवढ्या वर्षांत तिनं रागिणीच्या नावानं जेवढं आतल्या आत चडफडून घेतलं होतं, त्यातलं बरंचसं विहिरीवर हसणाऱ्या त्या दुसऱ्या बाईच्या, तेव्हाच्या स्वतःच्याच, वाट्याचं होतं. पण तिच्याशी कसं भांडायचं? तिनं तरी काय चूक विचारलं होतं? दोघी गेल्या असत्या तर भाकरी खरंच कोण थापणार होतं?

"तुह्यावर जळनं सोपं हाय," ती शेवटी म्हणाली. "तू समोर असतं."

रागिणीनं मान हलवली. अमरावतीला उतरताना पिशवीचा एक बंद हिनं धरला, एक तिनं.

आचल आता दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. जावांचं बोलणं सुरू आहे, कुरबुरीही आहेत. परवा मनकर्णाबाईंनी रागिणीला साय घालून दूध दिलं म्हणून शकुननं दिवसभर सगळ्यांशी अबोला धरला. भागीरथाला मात्र ती आता ऐकवते, "पोरगी अकोल्याले हाय, माह्या पाटल्यायवर शिकून राह्यली." भागीरथाचं तोंड बारीक होतं. ते पाहून शकुनला फार बरं वाटतं, आणि हे बरं वाटणं ती लपवत नाही.

एक गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नाही. मागच्या रविवारी आचल फोनवर सांगत होती की आज पहिल्यांदा खऱ्या पेशंटला इंजेक्शन दिलं, म्हातारी बाई होती, म्हणाली, पोरी, तुझा हात हलका आहे. आवाजात पोर मावत नव्हती. शकुनचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी छातीत तोच ओळखीचा निखारा फुलला, यावेळी पोटच्या पोरीसाठी. ती घाबरली. असंही असतं का कुठं? आईनं लेकीवर जळावं? तिनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला.

"आई? आयकून राह्यली ना?"

"आयकतो न," शकुन म्हणाली आणि ओसरीवरून उठून अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं घरातलं कुणी ऐकणार नाही अशा जागी, जाऊन बसली. "सुई कशी धरली ते सांग. बोट कुठी ठेवलं, दाबलं कसं, सगळं सांग मले. हळू सांग."